अकरा वाजताचं दूध

झूराचं पत्र येऊन नऊ वर्षं होऊन गेली होती, आणि बेयशेनने त्याला अजून उत्तर लिहिलं नव्हतं. हे त्याला नेमकं औषधाच्या दुकानात आठवलं. काउंटरमागच्या मुलीने एवढंच विचारलं होतं, "दूध काढायचा पंप हाताचा हवाय की विजेचा?" आणि उत्तरासाठी कोरा कागद समोर घेतला की व्हायचं तसंच त्याला झालं, एक शब्द सुचेना. त्याच्या मागे तीन बायका उभ्या होत्या. आणखी दोघींना त्याने आधीच "तुम्ही घ्या, मला घाई नाही" म्हणून पुढे जाऊ दिलं होतं. घाई तर होती. त्याची मुलगी मीरिम घरी छातीवर गरम टॉवेल धरून बसली होती, आणि अडीच महिने आधी जन्मलेलं तिचं पोर शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या पेटीत होतं. पण विजेचा म्हटलं की ही पुढे आणखी विचारणार, एका बाजूचा की दोन्ही, तोंडाचा घेर केवढा, आणि मागच्या बायका ऐकणार. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपल्या लेकीच्या अंगाबद्दल अशी उत्तरं चारचौघांत द्यायची, हे त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात त्याची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे काचेची छोटी तुतारी होती आणि तिला तांबडा रबरी फुगा लावलेला होता, दामिराकडे होता अगदी तसाच. दामिरा म्हणजे त्याची बायको; तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. "तो," बेयशेनने बोट दाखवलं. "आजोबा, तो आता कुणी नेत नाही. दुखतं त्याने," मुलगी म्हणाली. "तोच द्या," तो म्हणाला. तो पंप चांगला असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ओळखीची वस्तू मागायला शब्द लागत नाहीत, एवढंच.

दामिरा असती तर हे सगळं तिने केलं असतं, आणि तो नेहमीसारखा पुस्तकात डोकं घालून स्वयंपाकघरात बसला असता. एरवी पहिलं बाळंतपण म्हणजे घरात सासू, नणंदा, शेजारणी, पाय ठेवायला जागा नाही. पण मीरिमचा नवरा तालांत सायबेरियात बांधकामावर होता, सासू डोंगरापलीकडच्या गावी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला सोडून निघू शकत नव्हती, आणि मीरिमला कळा आल्या त्या बिश्केकमध्ये, बापाकडे चार दिवस म्हणून आलेली असताना. घरात बाळाचं काहीही नव्हतं. मूल जगात येण्याआधी त्याचं टोपडंसुद्धा आणायचं नाही, ही रीत मीरिमनेही पाळली होती, शाळेत रसायनशास्त्र शिकवत असली तरी. त्यामुळे जे आणायचं ते आता, आणि आणणारा एकच. दोन खोल्यांचं घर, मध्ये दाराऐवजी पडदा. पंप पडद्याआड देऊन बेयशेन स्वयंपाकघरात गेला आणि त्याने रेडिओ मोठा केला. बातम्यांत कुठल्याशा धरणाचं पाणी मोजत होते. पाऊण तासाने मीरिमने हाक मारली. बाटलीच्या तळाला दूध होतं, गुलाबीसर. "थोडं रक्त आलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, विजेचा घ्या म्हणून. दुकानात नव्हता का?" तो म्हणाला, "नव्हता." इतक्या सहज खोटं बोलता येतं, याचं त्यालाच नवल वाटलं. दोन दिवस ती त्या तांबड्या फुग्यावर दात आवळून दूध काढत राहिली. बेयशेन पिठाची पेज करून द्यायचा, मटणाचं पाणी द्यायचा, आणि पडद्याकडे पाठ करून बसायचा. फुगा दाबल्याचा आवाज फार बारीक असतो, रेडिओ लावला तरी ऐकू येतो, हे त्याला त्या दोन दिवसांत कळलं.

पत्र वहीच्या दोन पानांवर होतं, शाईच्या पेनने लिहिलेलं. झूरा त्याची दूधबहीण. तो जन्मला ते साल युद्धाचं. आई त्याच दिवशी गेली, बाप आघाडीवरून परतलाच नाही. शेजारच्या घरी रापिया होती, तिच्या अंगावर सहा महिन्यांची झूरा होती. तिने एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला शेजारणीचं पोर धरलं. रापियाला तो आपा म्हणायचा, म्हणजे आईच म्हणायचा, आणि पंधराव्या वर्षी शिकायला शहरात आला तो आलाच. आधी वर्षातून एकदा जायचा, मग तीन वर्षांतून एकदा, मग नुसता विचार करायचा. झूराने लिहिलं होतं, "आपा आता बसत नाही. खाते तेही मी भरवलं तर. सारखं तुझं नाव घेते. म्हणते, बेयशेन आला की त्याच्या तोंडावर सांगेन, माझ्या पांढऱ्या दुधाने मी समाधानी आहे म्हणून. ते सांगितल्याशिवाय जायचं नाही म्हणते. तू ये. येता येत नसेल तर दोन ओळी तरी लिही, मी तिला वाचून दाखवीन." आईने जाताना मुलाला हे, दुधाचं देणं फिटल्याचे, शब्द सांगायचे असतात, ते ऐकल्याशिवाय राहिलेला मुलगा जन्मभर उघडा राहतो, असं त्यांच्याकडे मानतात. बेयशेनने चौतीस वर्षं प्रकाशनगृहात मुद्रितं तपासली होती. इतरांची वाक्यं सरळ करण्यात त्याचा हातखंडा होता. ते पत्र पहिल्यांदा वाचताना सवयीने हातात पेन्सिल होती, आणि वाचून झालं तेव्हा झूराच्या तीन चुकांखाली बारीक रेघा उमटलेल्या होत्या. त्या त्याने खोडरबराने पुसल्या. कागदावर अजून त्यांचा ओरखडा होता. मग त्याने उत्तराचे सात मसुदे केले. पहिल्यात क्षमा फार मागितली होती, दुसऱ्यात कमी. तिसरा पुस्तकी वाटत होता. सातवा चालू असताना गावाहून आलेल्या एका माणसाने बाजारात सांगितलं की रापिया गेली, नऊ आठवडे वाट बघून. आता कशाचं उत्तर द्यायचं, असं त्याने तेव्हा स्वतःला विचारलं, आणि त्या प्रश्नालाही उत्तर दिलं नाही.

इस्पितळात दूध अकरा वाजता घेत. पहिल्या दिवशी निघताना त्याने बाटली लोकरी मफलरात गुंडाळली, वरून नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा लावला आणि कोटाच्या आत, सदऱ्याला लागून धरली. बाहेर उणे चौदा होतं. गार दूध लेकराच्या पोटात गेलं की छातीत गारठा बसतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. गावात कोकरांसाठीसुद्धा दूध असंच काखेत धरून नेत. बसमध्ये त्याने दांडीला एकच हात धरला, दुसरा कोटावर. सबंध वाटेत त्याला छातीशी ती ऊब लागत होती आणि कित्येक वर्षांत आपण असं काही काम केलं नाही असं वाटत होतं. वॉर्डाच्या दाराशी राया नावाची थोराड नर्स होती. तिने बाटली हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे गरम कसं?" तो अभिमानाने म्हणाला, "मी अंगाशी धरून आणलं." "अहो बाबा, दीड तास अंगाशी? नासलं असेल की हे. बर्फात ठेवून आणायचं. गरम आम्ही करतो." आणि तिने तिथल्या तिथे बेसिनमध्ये ते ओतलं. वीस मिलिलिटर, रक्ताची छटा असलेलं, पाऊण तास बसून काढलेलं. बेसिनच्या कडेने ते सावकाश गेलं. "उद्या नीट आणा," राया म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून पुढे म्हणाली, "पहिल्यांदा सगळेच असं करतात. गावाकडचे तर सगळेच." घरी मीरिमने विचारलं, "घेतलं त्याने?" तो म्हणाला, "घेतलं." दुसऱ्या दिवशीचं दूध रक्त फार म्हणून रायाने आत नेलंच नाही, आणि घरी तो पुन्हा तेच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मीरिमला ताप आला, एका बाजूला दगडासारखी गाठ झाली, दूध निघेना, आणि ती पडद्याआड आवाज न करता रडली. त्या आवाज न करण्यानेच तो उठला. ज्या दुकानाबद्दल खोटं बोलला तिथे जाण्याची छाती नव्हती, म्हणून बाजारात गेला. तिथे मुलांच्या कपड्यांच्या गाळ्यात एक धिप्पाड बाई पंप विकत होती, आणि तिच्याशी बोलायला शब्दच लागले नाहीत, कारण सगळं तीच बोलली. "लेकीसाठी? बरं झालं. नवरे येतात ना, ते मोबाइल दुरुस्तीला आल्यासारखं बोलतात, याला किती वॉट म्हणून. पोर कुठाय, घरी की इस्पितळात? इस्पितळात. मग दोन्ही बाजूंचा न्या, वेळ अर्धा लागतो. ही अशी लाजून मान खाली घालू नका, बाबा, तुम्हीही कुणाच्या तरी छातीवरच वाढलात ना?" त्याने मान हलवली. ही बाई सोडली तर गेल्या नऊ वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. घरी येऊन त्याने पंपाबरोबरची पुस्तिका काढली, आणि पडद्याच्या अलीकडे खुर्ची ओढून, चष्मा लावून, मोठ्याने वाचू लागला. "सुरुवातीस हलका वेग ठेवावा. दूध उतरू लागल्यावर वेग वाढवावा." पडद्याआडून मीरिम म्हणाली, "बाबा, उतरू लागल्यावर म्हणजे किती वेळाने?" "ते दिलेलं नाही. इथे एक वाक्य अर्धंच आहे. छपाईत गेलंय." ती हसली. "तुम्हाला दिसणारच." यंत्र सुरू झालं, घुर्र आणि टक, घुर्र आणि टक, आणि पहिल्यांदाच त्याने रेडिओ लावला नाही. गाठ दुसऱ्या दिवशी विरघळली. दूध वाढलं. बाल्कनीत साठलेला बर्फ तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरायचा, त्यात बाटली खोचायचा आणि बरणी पिशवीत घालून निघायचा. बोटं बधिर व्हायची, ते त्याला बरं वाटायचं. तरी बसमध्ये एक हिशेब डोक्यातून जायचा नाही. त्या पोराच्या पहिल्या तीन दिवसांत त्याच्या आईचं दूध त्याला मिळालं नाही, आणि ते का मिळालं नाही हे जगात एकट्या त्याला माहीत होतं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर रोज एक म्हातारी असायची. डोक्याला पांढरा रुमाल, पायात नमद्याचे बूट, त्यांवर रबरी जोडे. तिच्या सुनेला बाळंतपणानंतर ताप चढला होता, ती खालच्या मजल्यावर बेशुद्धीत होती. नात आत होती. "आमची पोरगी दीड किलोची," ती सांगायची, "पण आवाज आमच्या घोडीसारखा. तुमचा?" "आमचा अकराशे ग्रॅम." "मुलगा आहे, मुलगे आळशीच. वाढेल." सहाव्या दिवशी तिने त्याच्या हातातली बरणी बघितली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "लेकीला बरंच येतंय की दूध. आमच्या पोरीला डब्यातलं पचत नाही, पोट फुगतं. थोडं देईल का ती? मी नर्सला विचारलंय, ती म्हणते, आई स्वतः हो म्हणाली तर देऊ. तुम्ही विचारा तिला. नातं लागेल हे मला कळतं. नात्याला आम्ही वाईट नाही." असं दूध दिलं की ती दोन पोरं जन्मभराची भावंडं होतात, पुढे त्यांची लग्नं होत नाहीत, बारशाला आणि मातीला एकमेकांकडे जावं लागतं. म्हणजे मीरिमला विचारायला हवं होतं, तालांतला, सासूलाही. बेयशेन म्हणाला, "बघतो." घरी जाताना त्याने वाक्य जुळवलं. 'एक बाई आहे' अशी सुरुवात करावी की 'एक पोर आहे' अशी, हे ठरेना. शिवाय मीरिमला वाटलं तर, की आपल्याच पोराचं तोंडचं काढून मागताहेत. त्याने त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो बर्फाच्या बरणीकडे बघत राहिला. त्यानंतर तिने पाहिलंही नाही. असे चार दिवस गेले. आत त्याचा नातू त्या दिवसांत दर वेळी चारऐवजी सहा मिलिलिटर घेऊ लागला.

दहाव्या दिवशी तो अकराला पाच कमी असताना दाराशी पोचला. राया बाहेर आली आणि तिने बाटलीसाठी हात पुढे केला नाही. "बाबा, बसा," ती म्हणाली. तो बसला नाही. "पहाटे गेला. फुप्फुसात रक्त उतरलं. डॉक्टर शेवटपर्यंत होते. फोन करणार होतो, पण घरी फोन लेकीने उचलला असता. म्हटलं, तुम्ही अकराला येताच." बेयशेनने विचारलं, "पहिले तीन दिवस दूध मिळालं नाही, त्याने?" रायाने मान हलवली. "त्याने नाही." ती खरं बोलत होती की त्याच्यासाठी बोलत होती, हे तिच्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं, आणि पुन्हा विचारायचं धैर्य त्याला झालं नाही. बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली होती. तिने दुआ मागताना फिरवतात तसे दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. बरणीतला बर्फ पुरता वितळलेला नव्हता. तो ती तशीच घेऊन परत निघाला.

बसमध्ये त्याने वाक्यं जुळवली. एकही उभं राहीना. दार उघडल्यावर आतून मीरिमचा आवाज आला, "बाबा, आज किती घेतलं?" आणि तो म्हणाला, "आठ." आत ती हसली, मोकळं, लहानपणी हसायची तशी. "आठ. मी म्हटलं नव्हतं? तालांतला कळवते. थांबा, आधी हे करते, भरून आलंय." घुर्र आणि टक. तो स्वयंपाकघरात उभा होता, कोट अंगात, बरणी हातात, आणि बरणीतून पाणी बुटावर ठिबकत होतं. "बाबा, बघायला पाहिजे होतं तुम्ही," ती पडद्याआडून म्हणाली, "दोन्ही बाटल्या भरताहेत. आनंदानेच येतं की काय हे?" प्रत्येक टकबरोबर दूध येत होतं, आणि ते त्याच्या एका खोट्या शब्दावर येत होतं. झूरानेही दोन ओळीच मागितल्या होत्या. आपण त्या लिहिल्या नाहीत त्या नऊ आठवड्यांत रापिया रोज कशावर जगली असेल, हे त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. बसत नव्हती ती बाई, पण दारावर कुणी थाप दिली की मान वळवत असेल. इतकी वर्षं तो स्वतःच्या लाजेचा विचार करत आला होता. त्या मानेचा केला नव्हता. यंत्र चालू असताना बेयशेन पडद्यापलीकडे कधी गेला नव्हता. तो पडदा सारून आत गेला. मीरिमने झटकन शाल ओढली, आणि मग त्याचा चेहरा पाहून तिचा हात तिथेच राहिला. "आठ घेतलं नाही त्याने," तो म्हणाला. "तो पहाटे गेला, बाळ. मी खोटं बोललो." यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचेना. बऱ्याच वेळाने त्यानेच खाली वाकून बटण दाबलं, पुस्तिकेत तो चौथा मुद्दा होता.

ती रडली ती पुढचे दोन तास, आणि तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. काय बोलावं हे त्याला सुचलं नाही, आणि सुचलं नाही म्हणून तो उठूनही गेला नाही. शेवटी ती टेबलावरच्या बाटल्यांकडे बघून म्हणाली, "हे आता काय करू? थांबत नाही ते. त्याला कोण सांगणार?" तेव्हा त्याने सांगितलं. वाक्य जुळवायच्या आत सांगितलं. एक म्हातारी आहे, तिची घोडीसारखी रडणारी नात आहे, तिने दूध मागितलं होतं, चार दिवस झाले. मीरिमने मान वर केली. "चार दिवस?" "हो." "चार दिवस ते पोर आत पोट फुगून पडलंय, आणि तुम्ही मला विचारलं नाही?" "तुला काय वाटेल म्हणून." "तुम्ही नेहमी असंच करता, बाबा. आईलाही तिच्या दुखण्याचं खरं सांगितलं नाहीत. ती मला विचारायची, तुझे बाबा असे का बघतात. आम्हाला काय वाटेल ते तुम्हीच ठरवता, आणि मग गप्प बसता." ती हे ओरडून बोलली नाही. त्याने मान खाली घातली नाही, तेवढं एक त्याला जमलं. मग ती तोंड पुसून म्हणाली, "बर्फ भरा."

पोराला दुसऱ्या दिवशी दुपारी पुरलं. पुरण्यासाठी नाव लागतं. तालांतने फोनवर सांगितलं, एसेन. विमानाला उशीर झाला, तो पोचेपर्यंत माती लोटून झाली होती. ते गाठोडं बेयशेनने स्वतः उचललं होतं. दूध त्या दिवशीही अकरा वाजता इस्पितळात गेलं. रायाने बाटली हातात घेऊन थंड असल्याची खात्री केली, कागदावर मीरिमची सही बघितली आणि बाटली आत नेली. शेजारणी म्हणत होत्या, छाती बांधून टाक, चार दिवसांत आटेल, स्वतःचे हाल कशाला. तालांतही तेच म्हणाला. मीरिम म्हणाली, "तिची आई शुद्धीवर येईपर्यंत." मीरिममध्ये बदल काहीच झाला नव्हता, ती जेवत नव्हती, खिडकीकडे बघत राहायची, आणि दर तीन तासांनी उठून यंत्र लावायची. काढून झालं की दोन्ही बाटल्या पडद्याबाहेर ठेवून परत भिंतीकडे तोंड करून निजायची. एकदाच तिने विचारलं, "नाव काय तिचं? विचारून या. नातं लागलंय तर नाव माहीत हवं." म्हातारीने सांगितलं, "उमसुन. माझ्या आईचं ठेवलं." आणि पुढे म्हणाली, "तुमच्या लेकीला म्हणावं, पोट उतरलं पोरीचं. तिला मी येऊन सांगणार आहेच. पण आज तुम्ही सांगा." तो म्हणाला, "आजच सांगतो." आणि त्याने दारातून आत पाऊल टाकताच, कोट काढायच्या आधी, सांगितलं. मीरिमने भिंतीकडून तोंड वळवलं नाही. पण थोड्या वेळाने विचारलं, "आणि रडते का अजून, घोडीसारखी?" तो म्हणाला, "मी दारापर्यंतच जातो, पण ऐकू येतं."

त्या दुपारी मीरिमला डोळा लागल्यावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. सातही मसुदे खणात होते. त्याने ते काढले नाहीत. वहीचं एक पान फाडलं आणि लिहिलं: "झूरा, मी उत्तर दिलं नाही. कारण काही नव्हतं. मला नीट लिहिता येईना म्हणून मी लिहिलं नाही, आणि आपा वाट बघत गेली. माझ्या मीरिमचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. तिचं दूध आता इस्पितळातल्या एका परक्या मुलीला जातं, ते मी पोचवतो. काल बाटली नेताना बसमध्ये मला आपाच्या घराचा वास आला, धुराचा आणि ताकाचा. ती मला धरायची तेव्हा तू कुठल्या बाजूला असायचीस? माझ्याबद्दल शेवटी काय म्हणाली ते मला सांग. मी न येताही ते शब्द म्हणाली असेल तर सांग. म्हणाली नसेल, तर तेही सांग. तू नसलीस तर तुझ्या घरच्या कुणीही हे वाचावं आणि मला लिहावं. तुझा भाऊ, बेयशेन." शेवटून तिसऱ्या ओळीत एक शब्द सुटला असावा असं त्याला वाटलं. त्याने पान परत वाचलं नाही.

पोस्टातली बाई जाड चष्म्याची होती. तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "बाबा, घराचा नंबर नाही. रस्त्याचं नावही नाही."

"गावात रस्ता एकच आहे."

"आणि बाईचं आडनाव?"

"रापियाची झूरा म्हटलं की कळतं. माझ्या माहितीप्रमाणे."

"कधीची माहिती ही?"

मागे रांगेत चार माणसं होती, आणि त्यांतल्या कुणीतरी घसा खाकरला. "जुनी आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षांची. ती असेल की नसेल तेही मला माहीत नाही. परत आलं तर माझा पत्ता मागे आहे, मी पुन्हा लिहीन." बाईने खांदे उडवले, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या गोणीत टाकलं.